मदत हवी आहे: शिजवून ठेवलेल्या टोमॅटोला बुडबुडे

मखमलाबादची_सून:
गिरणाऱ्याहून धाकट्या दिरांनी टोमॅटोचं क्रेट पाठवलं. सालं काढून, शिजवून बरण्या भरल्या. आता एकीचं झाकण फुगलंय, दुसरीत बुडबुडे. बाकीच्या कशा वाचवू? लवकर सांगा, संध्याकाळी पाहुणे आहेत.

कढीलिंब:
फ्रीजमध्ये होत्या की बाहेर? नुसते टोमॅटो की अजून काही? लिंबू पिळलं होतं?

पिंपळगावचा:
क्रेट म्हणजे २० किलो. कितीला पडलं?

मखमलाबादची_सून:
घरचे आहेत हो, भाव काय विचारताय! बरण्या ओट्यावरच आहेत, फ्रीजमध्ये एवढी जागा कुठली? कांदा आणि ढोबळी मिरची घातलीय. लिंबू नाही, टोमॅटो आंबटच असतो ना?

सालपट:
सालं सोपी निघतात. बुडाला फुलीची चीर द्या, उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद, लगेच गार पाण्यात.

मखमलाबादची_सून:
सालं काढून झालीत!!

बल्लव_नाशिकरोड:
वर बोटभर तेल ओता. आमच्याकडे लोणच्याला तेच करतात, वर्षभर काही होत नाही.

कढीलिंब:
बल्लव, लोणच्यात मीठ किती असतं ते बघा की. तेलाखाली हवा जात नाही आणि बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो आणि विष सोडतो. टोमॅटोचा पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ च्या आसपास, म्हणजे त्या जंतूला रोखण्यापुरता आंबटपणा जेमतेम. कांदा-मिरचीनं तोही उतरतो. नुसत्या टोमॅटोलाही लिटरमागे दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस घालून भरलेली बरणी उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवावी लागते. कांदा असला की तेवढ्यानंही भागत नाही. ताई, ओट्यावरच्या सगळ्या बरण्या टाका. चाखूनही बघू नका, त्या विषाला वास नसतो.

बल्लव_नाशिकरोड:
आमची आजी नव्वदीपर्यंत जगली.

गावरान_प्रेमी:
मुळात हायब्रीड घेताच कशाला? चव नाही, नुसती जाड साल.

पिंपळगावचा:
गावरान क्रेटमध्ये भरून पाठवा, घरी पोचेपर्यंत रस्सा होतो. शिजवायला लांबुळका हायब्रीडच बरा, गर जास्त असतो.

मखमलाबादची_सून:
सगळ्या टाकायच्या?? अर्ध्या क्रेटची मेहनत होती. आणि पाहुण्यांचं काय?

कढीलिंब:
उरलेलं अर्धं क्रेट आहे ना? स्टीलच्या पातेल्यात शिजवा, ॲल्युमिनियम नको. मीठ, चिमूटभर साखर, पंधरा-वीस मिनिटं. फोडी दिसायला हव्यात, पार लगदा नको. त्यातलेच थोडे घ्या, लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीत टाकून वर दाण्याचं कूट घाला. भाकरीबरोबर पाहुणे पातेलं पुसतील. बाकीचे गार करून फ्रीजरमध्ये.

सालपट:
सारही होतं. नारळाचं दूध घालून...

मखमलाबादची_सून:
सार नकोय! फ्रीजरमध्ये काचेची बरणी चालेल का?

कढीलिंब:
गच्च भरली तर तडकेल. प्लास्टिकचे डबे घ्या, वर बोटभर जागा सोडा.