जालन्याला 'मागास' म्हणणं आता पुरे

कुंडलिकाकाठ

पुण्यात कुणी गाव विचारलं की आपली पोरं सांगतात, "संभाजीनगरच्या बाजूला." जालना म्हणायला जीभ का अडखळते? मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना दुष्काळ, टँकर आणि मोर्चे एवढंच आठवतं, हे मला माहीत आहे. पण आपणही तेच धरून बसायचं का?

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला, जून २०२५ मध्ये पार ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पोचला. निधोन्याला गाडी चढवली की एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला मुंबई. ३० डिसेंबर २०२३ ला मुंबईची वंदे भारत जालन्याहून सुटली, आता ती नांदेडपर्यंत जाते. २०२३ मध्येच नगरपालिकेची महापालिका झाली. हे सगळं चांगलंच आहे, पण माझा अभिमान यावर उभा नाही. रस्ता आणि गाडी सरकारनं दिली. त्याच्या कितीतरी आधी या गावानं स्वतःच्या हिमतीवर जे उभं केलं, त्यावर माझा अभिमान उभा आहे.

बद्रीनारायण बारवाले जन्मले हिंगोलीत, तरुणपणी निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले आणि १९६४ मध्ये जालन्यात त्यांनी महिको ही बियाण्याची कंपनी काढली. सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून. ना जवळ बंदर, ना गावात कृषी विद्यापीठ. पुढे संकरित कापूस, ज्वारी, बाजरी, भाज्या. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग गावात बियाण्याच्या कितीतरी कंपन्या निघाल्या. जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या शेतकऱ्याला बीजोत्पादनाचा प्लॉट म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

आणि पोलाद. जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, समुद्र चारशे किलोमीटरवर. तरी बांधकामाची सळई म्हटली की राज्यात जालन्याचं नाव निघतं. भंगार आणि स्पंज आयर्न (कच्चं लोखंड) बाहेरून यायचं, विजेच्या भट्टीत वितळायचं, त्याचे बिलेट म्हणजे पोलादाचे ठोकळे आणि बिलेटची सळई करून ट्रक परत बाहेर. ज्या गावाकडे काहीच नव्हतं त्यानं हे केलं. त्याला मागास म्हणायचं?

---

मोंढ्यातला

शंभर टक्के पटलं. दोन गोष्टी राहिल्या तुमच्याकडून. एक, जालन्याची मोसंबी, तिला भौगोलिक मानांकन आहे. दुसरी, रेशीम कोषांचा बाजार. पूर्वी आपल्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. वाटेत कोष खराब होण्याची भीती, भाषा येत नाही, मुक्काम परका. २०१८ पासून कोष आपल्याच बाजार समितीत विकले जाऊ लागले. वंदे भारतनं माझं काही बदललं नाही, या बाजारानं माझ्या मेव्हण्याचं घर उभं केलं.

---

नळाची_वाट

दादा, तुम्ही भेंडीपासून सळईपर्यंत सगळं सांगितलंत, एक शब्द नाही लिहिला. पाणी.

मी नव्या जालन्यात राहते. नळ कधी येणार हे घरातल्या बाईच्या डोक्यात दिवसरात्र फिरत असतं. ज्या दिवशी यायचा त्या दिवशी लग्नकार्य असलं तरी एक जण घरी थांबतो. टाक्या, पिंपं, हंडे, सगळं भरून ठेवायचं. किती दिवसांनी येतो ते ऋतूवर, विजेवर आणि कुठली पाइपलाइन फुटली यावर ठरतं. २०१२-१३ च्या दुष्काळात काय झालं ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. घाणेवाडीचा तलाव आटला आणि शहर टँकरवर आलं.

त्यातही चीड कशाची येते सांगू? घाणेवाडी निजामाच्या काळात बांधला. कुंडलिका नदीवर. पाणी उतारानं आपोआप शहरात येतं, पंप लागत नाही. इतकी शहाणी योजना आपल्या पदरात पडली, आणि आपण ती गाळानं भरू दिली. नंतर लोकांनीच वर्गणी काढून गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो आपल्या रानात नेला. मला अभिमान वाटायचाच असेल तर त्या लोकांचा वाटतो. पण शहराला पाणी देणं हे वर्गणीचं काम आहे का? पैठणहून जायकवाडीचं पाणी आणलं, तरी नळाचं वेळापत्रक ठरत नाही. ज्या गावात बाई पाण्यासाठी घराला बांधलेली आहे, ते गाव पुढारलेलं आहे असं तिला सांगायला जाऊ नका.

---

मंठेकर

ताईंचं खरं आहे, पण त्या तरी शहरात आहेत. आमच्याकडं या.

तुम्ही म्हणू राह्यले जालना वर आला. जालना शहर वर आलं असंल. २०११ च्या जनगणनेत जिल्हा साडेएकोणीस लाखांचा, शहर तीन लाखाच्या आत. बाकीचे कुठं राहतात? मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर. दिवाळी झाली की आमच्या तांड्यावरून ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला जातात. लेकरांची शाळा सुटते. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन अंतरवाली सराटीतून उठलं, ते गाव अंबड तालुक्यातलं. शेतीत भागत नाही म्हणून लोक रस्त्यावर आले. सळई विकली जाते म्हणून त्यांचं भागलं नाही.

बियाण्याचंही ऐका. प्लॉट घेतो शेतकरी, कंपनी देते नर-मादीचं बी. क्रॉसिंगला बाया लागतात. पहाटे उठून एकेक फूल हातानं धरायचं, पराग लावायचे, खूण बांधायची. शेडनेटमध्ये उन्हाळ्यात काय उकडतं ते आत गेल्याशिवाय कळणार नाही. शेवटी कंपनीच्या तपासणीत बी नापास झालं की सगळं मुसळ केरात. खर्च शेतकऱ्याचा, मजुरी दिलेली, हातात काही नाही. बारवाल्यांना पुरस्कार मिळाला, आनंद आहे. फूल धरणाऱ्या बाईचं नाव तुमच्या अभिमानात कुठं बसतं ते सांगा.

आणि जालना-नांदेड द्रुतगती मार्ग, १७९ किलोमीटर. जमीन आमच्याकडच्या लोकांची चालली. मोबदल्यासाठी किती दिवस उपोषणं झाली ते कुणी लिहीत नाही.

---

भट्टीसमोर

मी मिलमध्ये सुपरवायझर आहे, कुठल्या ते सांगत नाही. कुंडलिकाकाठ भाऊ, तुम्ही पोलादाबद्दल लिहिलं ते खरं आहे, पण बाहेरून पाहिलेलं आहे.

भट्टीसमोर उभं राहून काम करणारी आमच्याकडची बहुतेक माणसं बिहार आणि उत्तर प्रदेशातली. जालन्याचा पोरगा हिशेबाला, गेटवर, गाडी भरण्यावर येतो. भट्टीवर टिकत नाही, किंवा त्याला टिकवायला कुणी शिकवत नाही. दुसरं, हा सगळा धंदा विजेच्या दरावर तरला आहे. वीज महाग झाली की रात्रीची पाळी बंद, छत्तीसगडचा माल स्वस्त पडतो. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात सवलत मिळाली, तेव्हा आम्ही श्वास घेतला. म्हणजे "स्वतःच्या हिमतीवर" हे अर्धं खरं.

पण मंठेकर दादा, तुमच्याशीही मी सहमत नाही. या मिल नसत्या तर माझ्यासारखे कित्येक जण आज चाकणला दहा बाय दहाच्या खोलीत राहत असते. मी रोज संध्याकाळी आईच्या हातचं जेवतो. त्याची किंमत पगारपत्रकात दिसत नाही.

---

अंबडची_लेक

सध्या पुण्यात. परत यायची इच्छा आहे, म्हणून हे सगळं नीट वाचलं.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये जालन्यात सुरू झालं. ही माझ्या लेखी समृद्धीपेक्षा मोठी घटना. आमच्या वेळी बारावीनंतर चांगलं शिकायचं तर बॅग भरावीच लागायची. पण तिथून शिकून बाहेर पडणाऱ्याला जालन्यात काम कुठे आहे? मिलला रसायनतज्ज्ञ थोडेच लागतात. बियाण्याच्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत, तिथल्या जागा मोजक्या. शिक्षण आलं आणि काम आलं नाही तर पोरं फक्त काही वर्षं उशिरा बॅग भरतील.

---

जुनाबाजार_संभाजीनगर

राग मानू नका, पण आमच्याकडे शेंद्रा आणि बिडकीनच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या उद्योगांना जमीन, रस्ते, पाणी तयार मिळत असताना कारखाना जालन्यात कोण काढणार? जालन्याजवळ दिनेगावच्या ड्रायपोर्टचं, म्हणजे मालवाहतुकीच्या कोरड्या बंदराचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं, त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली. जालन्यानं संभाजीनगरशी जोडून घेण्यात शहाणपण आहे. दोन्हीकडचा माणूस सकाळी जाऊन रात्री घरी येऊ शकतो.

---

मोंढ्यातला

जोडून घ्यायचं म्हणजे तुमच्याकडे झोपायची जागा व्हायचं, असंच ना? आमचा बाजार सव्वाशे वर्षं रेल्वेवर आहे. धुळवडीला हत्ती रिसाला निघतो, राजा हत्तीवर बसून रेवड्या उधळतो, हिंदू-मुसलमान सगळे रस्त्यावर. आषाढीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची पालखी. हे गाव कुणाचं उपनगर होणार नाही.

---

कुंडलिकाकाठ

सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं सोडत नाही, पण ताई आणि मंठेकर यांना उत्तर देणं भाग आहे.

पाण्याबद्दल. जालन्याला पाण्याचं कळत नाही असं नाही. कडवंची जालना तालुक्यातच आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं गावानं नव्वदच्या दशकात पाणलोटाचं काम हाती घेतलं. बांध, चर, मग घरटी शेततळी, मग द्राक्षं. २०१२ च्या दुष्काळातही त्यांच्या बागा उभ्या राहिल्या. एका खेड्याला जमलं ते महापालिकेला का जमत नाही, हा प्रश्न मीही विचारतो. पण तो मी "आपलं गाव मागास" असं म्हणून विचारणार नाही. ज्याला आपल्या गावाची किंमत नाही तो नळासाठी भांडत नाही, तो फ्लॅट विकून पुण्याला जातो.

मंठेकर दादा, फूल धरणाऱ्या बाईचं नाव माझ्या अभिमानात पहिलं असायला हवं, हे मान्य. बीजोत्पादनाच्या करारात नापास बियाण्याची जोखीम एकट्या शेतकऱ्यानं का उचलावी? निम्मी कंपनीनं उचलावी, तपासणी शेतकऱ्यासमोर व्हावी आणि करार त्याला वाचता येईल अशा मराठीत असावा. जालन्याच्या कंपन्यांनी हे आधी करून दाखवलं तर देशभर त्यांचं नाव होईल. मी ही मागणी जाहीरपणे करतोय.

---

मंठेकर

मागणी चांगली आहे. पण एक वाढवा. क्रॉसिंगच्या बायांची मजुरी करारात वेगळी लिहा, आणि बी नापास झालं तरी ती कंपनीनं द्यावी. नाहीतर निम्मी जोखीम शेतकऱ्यावर राहिली की तो पहिली मजुरीच कापतो. हे मी शेतकरी असून सांगू राह्यलो.

---

भट्टीसमोर

माझीही एक. आयटीआयमध्ये भट्टी आणि रोलिंगचा अभ्यासक्रम सुरू करा, मिलवाल्यांनी यंत्रं द्यावीत. पोरगं भट्टीला घाबरतं, कारण त्याला तिच्याजवळ कसं उभं राहायचं हेच माहीत नसतं.

---

नळाची_वाट

कुंडलिकाकाठ दादा, कडवंचीचं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथं गावानं आधी पाणी अडवलं आणि नंतर द्राक्षं लावली. आपण शहरात आधी महामार्ग आणला आणि पाण्याचं पुढं बघू म्हणालो.

महापालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. आमच्या गल्लीतल्या बायकांनी ठरवलंय, नगरसेवकाकडे दोनच गोष्टी मागायच्या. कुठल्या भागात कुठल्या वारी आणि किती वाजता पाणी येणार याचा लेखी तक्ता. आणि घाणेवाडीतला गाळ दर उन्हाळ्यात किती काढला याचा आकडा तलावाच्या भिंतीवर लिहायचा. चौक सुशोभीकरण, स्वागत कमानी, काही नको.

माझी मुलगी पुण्याला शिकते. कुणी विचारलं तर जालन्याची आहे असंच सांगते, संभाजीनगरजवळची नाही. पण परत ये असं मी तिला अजून म्हटलेलं नाही, आणि तो तक्ता दारावर लागल्याशिवाय म्हणणार नाही.