संत्रा युनिटच्या ईटीपीत गाळ बसत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वरूडकडच्या एका लहान संत्रा रस युनिटची ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) मी पाहतो. आंबिया बहाराचा माल सुरू झाला आणि क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायची टाकी) जिवाणूंचा गाळ वाहायला लागला. पुढच्या नाल्याकाठी लोकांच्या विहिरी आहेत, गुरं तिथंच पाणी पितात. म्हणून बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी साठवण टाकीत वळवलं आहे, पण ती किती पुरणार?

एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासानंतरही गाळ ८०० मिलीवरच अडतो. एमएलएसएस (हवेच्या टाकीतल्या गाळाचं प्रमाण) लिटरला २५०० मिलिग्रॅम, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो) ३२०. १५० च्या वर गेला की गाळ फुगला असं धरतात. वरचं पाणी मात्र नितळ, आणि गाळ पिंजलेल्या कापसासारखा. दोन तास ठेवला तरी बुडबुडे धरून वर येत नाही. चुना देऊन पीएच ७ च्या आसपास राहतो. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) दिवसा लिटरला २ मिलिग्रॅम असतो, पण रात्री लाइन गेली की हवा सोडणारा ब्लोअर बंद.

माझा संशय जिवाणूंच्या खुराकावर आहे. रसाच्या पाण्यात साखर रग्गड, नत्र-स्फुरद नावालाच. बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) १०० असेल तर नत्र ५ आणि स्फुरद १ लागतं. आमचं पाणी रोज ४० घनमीटर, बीओडी लिटरला १५०० मिलिग्रॅम. म्हणजे नत्र ३ किलो, स्फुरद ६०० ग्रॅम. त्यासाठी डीएपी ३ किलो आणि युरिया साडेपाच किलो. हिशोब बरोबर आहे का? कल्चरवाला नवं कल्चर (तयार जिवाणू) टाका म्हणतो, मालक ब्लीचिंग पावडर टाका म्हणतात.

प्रतिसाद:
भाऊ, हिशोब बरोबर आहे. पण आधी क्लॅरिफायरच्या पाण्यातला अमोनिया आणि फॉस्फेट तपासा. दोन्ही शून्याजवळ निघाले तर संशय खरा. डोस एकदम ओतू नका, विरघळवून दिवसभर थोडा थोडा सोडा. कल्चरवर पैसे घालवू नका, खुराक नसलेल्या टाकीत नवे जिवाणूही उपाशीच राहतील. ब्लीचिंग क्लॅरिफायरमधून हवेच्या टाकीत परत जाणाऱ्या गाळात मोजून दिलं तर तंतू (गाळ फुगवणारे धाग्यासारखे जिवाणू) मरतात, पण कारण तसंच राहिलं की पुन्हा वाढतात. जास्त झालं तर चांगले जिवाणूही जातात. ब्लोअर रात्री जनरेटरवर घ्याच, ऑक्सिजन कमी पडला की तंतूंचंच फावतं. आणि साल पिळल्याचं पाणी कुठं सोडता? सालीच्या तेलातलं लिमोनीन जिवाणूंना मारक असतं.

धागाकर्ता:
सालीचं पाणी त्याच टाकीत येतं, दादा. ते आजच वेगळ्या ड्रममध्ये घेतो. नमुना अमरावतीला पाठवतो, रिपोर्ट आला की इथंच टाकतो. तोवर अर्धा डोस सुरू करू का?