आइसिंग म्हणजे बर्फ गुळगुळीत करणं नव्हे
आइस हॉकीत 'आइसिंग' म्हणजे बर्फ पुन्हा गुळगुळीत करणं, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. ते काम झांबोनी यंत्राचं, दोन पिरियडच्या (सामन्याच्या भागांच्या) मधल्या वेळात. आइसिंग हा नियमभंग आहे. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून, म्हणजे मैदानाच्या आपल्या अर्ध्यातून मारलेली पक (चेंडूऐवजी असते ती चकती) कुणालाही न लागता समोरच्यांच्या गोलरेषेपार गेली की शिट्टी वाजते. फेसऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) परत आपल्याच गोलजवळ, आणि एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) नियमभंग करणाऱ्या संघाला दमलेले खेळाडू बदलताही येत नाहीत; खरी शिक्षा ही! पेनल्टीमुळे खेळाडू कमी असतील तर मात्र आइसिंगच्या नियमातून सूट मिळते.

ऑफसाइड या दुसऱ्या नियमभंगासाठी समोरच्यांच्या भागाची निळी रेषा बघा: पकच्या आधी हल्ला करणाऱ्या खेळाडूचे दोन्ही स्केट पलीकडे गेले की ऑफसाइड.

आणि पक रबराची असते, १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर बर्फावर सरकण्याऐवजी उसळते.