प्रवचन की कादंबरी?

काही जण म्हणतात की ख्रिस्ती प्रेमकथा म्हणजे गोष्टीच्या वेष्टनातलं प्रवचन. मला ते पटत नाही. फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ (१९९१) ही कादंबरी घ्या. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची कथा त्यांनी १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोनं शोधायला उडालेल्या झुंबडीत नेऊन ठेवली आहे. वेश्यावस्तीतून आणलेली एंजल शेतकरी नवऱ्याला सोडून पुन्हापुन्हा पळते, आणि तो दार उघडं ठेवतो. त्या पळण्यामागे दुष्टपणा नाही. आपल्यावर कुणी प्रेम करेल यावर तिचा विश्वासच बसत नाही, आणि हे वाचताना माझे डोळे भरून आले. शेवट लांबलाय, हे मान्य.

ख्रिस्ती वळणाच्या रहस्यकथेत मला इंग्रज लेखक चेस्टरटन यांचे फादर ब्राऊन, गुन्हे उकलणारे कॅथलिक धर्मगुरू, जवळचे वाटतात. कन्फेशन, म्हणजे लोकांनी धर्मगुरूपुढे दिलेली पापांची कबुली, ऐकून ऐकून माणसाच्या पापाची त्यांना इतकी ओळख झालेली असते की गुन्हेगाराचं मन ते आतून वाचतात. आणि चोर पकडण्यापेक्षा तो सुधारावा याची त्यांना जास्त ओढ.

आपल्याकडचं म्हणाल तर बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी जरूर वाचा. त्यात उपदेश भरपूर आहे, पण विधवांचं दुःख काळीज चिरतं.