बारसं तुमच्याकडे कसं झालं? अनुभव सांगा

लेकीचं बारसं तीन आठवड्यांवर आलंय. सुरुवात "घरातलीच पंधरावीस माणसं" अशी झाली होती, काल यादी एकशेचाळीसवर गेली. सासूबाई म्हणतात हॉल, आई म्हणते घरीच, आणि मला रात्री सलग दोन तास झोप मिळाली तरी बास असं झालंय. तुमच्याकडे काय केलंत, काय फसलं ते लिहा. बाप्तिस्मा, अकीका, सगळं चालेल.

*

आमचं बरोब्बर बाराव्या दिवशी, आजेसासूबाईंचा हट्ट. सिझरचे टाके ओले, त्यात पैठणी नेसून चार तास पाळण्याशेजारी बसले, बाळाला पाजायला जागा नाही म्हणून शेवटी हॉलच्या स्टोअररूममध्ये गाद्यांच्या ढिगावर. फोटो छान आलेत म्हणे. हॉल बघायला जाल तेव्हा स्टेज नंतर बघा, आधी कडी लागणारी खोली बघा.

*

मी आत्याच्या बाजूने. दादा म्हणाला नाव तूच सुचव, मी दोन महिने खपून चार नावं काढली आणि ऐनवेळी कळलं की ग्रुपवर मतदान होऊन वहिनीच्या मावसबहिणीचं नाव पास झालंय. रुसले नाही. (थोडी रुसले.) पण वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरवला, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या झालं, आणि कानात कुर्र करून ते नाव पहिल्यांदा सांगितलं मीच! मग धपाटे. ती मावसबहीण सगळ्यात जोरात मारत होती, हे मी विसरलेले नाही.

*

न्यू जर्सीहून. इथे हॉस्पिटलमध्येच जन्मदाखल्याचा फॉर्म पुढे येतो, त्यामुळे कागदावर नाव लिहिलं आणि कुणाला सांगितलंच नाही, दीड महिना सगळ्यांसाठी पिल्लू. आत्या पुण्यात. जुलैत इथे सकाळचे साडेनऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात, फोन बाळाच्या कानाशी धरला, तिने कुर्र केलं आणि तिथेच नेट अडकलं. वरवंट्याच्या जागी खलबत्त्यातला बत्ता, टोपडं घालून. घुगऱ्या मात्र फक्कड.

*

वसई. आमच्याकडे बाप्तिस्मा. शाळेपासूनची मैत्रीण हिंदू, तिलाच उत्साहात धर्ममाता हो म्हणून विचारून टाकलं होतं. फादरांकडे गेल्यावर कळलं, धर्ममाता कॅथलिक लागते, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा चर्चचा संस्कार) झालेली, वय 16 पूर्ण. हे मैत्रिणीला सांगायला मला आठवडा लागला. ती म्हणाली, "मग मी आत्या होते की," कारण माझ्या नवऱ्याला बहीण नाही. चर्चमध्ये मेणबत्ती मावसबहिणीने धरली, डोक्यावर पाणी पडल्यापडल्या आमच्या बाळाने अख्खं चर्च डोक्यावर घेतलं, आणि घरी जेवणाआधी मैत्रिणीने कानात कुर्र केलं. सासरे गप्प. मग उठले आणि पहिला धपाटा त्यांनीच घातला.

*

बाबा लिहितोय. आमचा 31व्या आठवड्यात आला, थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत. बाराव्या दिवशी पायाच्या पट्टीवर नुसतं 'बेबी ऑफ' आणि बायकोचं नाव. बारसं कधी म्हणून फोन यायचे, मी उचलायचं सोडलं. एका नर्सने बायकोला विचारलं, नाव काय हो, हाक मारायला बरं पडतं. ही तिथेच मास्क लावलेली, काचपेटीच्या गोल खिडकीशी वाकून त्याला नाव सांगून आली. घरी बोललो नाही. तिसऱ्या महिन्यात रीतसर बारसं केलं, आठ माणसं, माझ्या बहिणीने थाटात कुर्र केलं. मी आणि बायकोने एकमेकांकडे बघायचं टाळलं.

*

कामाचं: बारसं लांबलं तरी जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नावाशिवाय होते, नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं. आणि स्पेलिंग स्वतः तपासा. आमच्या काकांनी एक 'ए' जास्त घातला, तो अजून निस्तरतोय.

*

धागाकर्ती परत. कडी नसलेले दोन हॉल कटाप. यादी एकशेदहा. काचपेटीचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, लेकीला मांडीवर घेऊन बसल्या त्या अजून बसल्यात. मी झोपते.