अनुभव लिहा: तुमचं ऐकलं नाही आणि विमान निघालं, असं झालंय का?

तांदूळनिवडी
परवा रामबागेत मावशीकडे हळदीकुंकू होतं, तिथे एक काकू म्हणाल्या पायलट बाई असेल तर मी नाही गं बसणार, आणि आपल्या इंदूरच्या विमानतळाला नाव कोणाचं, तर देवी अहिल्याबाईंचं! म्हणून हा धागा. मी ८ वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे. टोमणे कोणाला चुकलेत, ते नकोत. कामातलं म्हणणं बाई म्हणून उडवून लावलं आणि प्रकरण विमानापर्यंत गेलं, असं काही असेल तर लिहा. कंपनीचं, माणसाचं नाव नको.

आधी माझंच. नाइट हॉल्टला, म्हणजे विमान रात्री मुक्कामाला असताना, टॉर्च घेऊन चाकं बघत होते, टायरला आडवा काप दिसला. सीनियर मागून, "मॅडम, चावल बीन रही हो क्या?" सगळे हसले. डेप्थ गेजने मापलं तर लिमिटच्या बाहेर. टायर बदलला, सकाळची फ्लाइट लेट, आणि ते लेट माझ्या नावावर. पुढच्या वेळी तसाच काप दिसला तेव्हा लिहिताना हात थांबला. लिहिलं, पण थांबला हो.

सेस्नावाली
ट्रेनिंगमधलं सांगते. उडण्याआधी टाकीच्या खालून थोडं पेट्रोल नळीत काढून बघतात, एव्हगॅस निळं असतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं. पावसाळ्यातली सकाळ, माझ्या नळीत खाली काचेच्या मण्यासारखा थेंब डुलत होता. इन्स्ट्रक्टर लांबूनच, "काही नसतं ते, बस आत." मी बसले नाही. मग माझ्याच बॅचच्या मुलाला पाठवलं, फ्लाइंगचे तास माझ्यापेक्षा कमी, त्याने तीच नळी उजेडात धरली आणि म्हणाला सर, पाणी आहे. झालं, लगेच मान्य! चार वेळा काढलं तेव्हा कुठे नुसतं निळं आलं.

माजी केबिन क्रू
आम्हाला क्लासमध्ये कॅनडातल्या ड्रायडनचा विमान अपघात शिकवला होता. १० मार्च १९८९, पंखांवर बर्फ, एअर होस्टेसला खिडकीतून दिसत होतं, पण कॉकपिटला सांगितलं नाही, कारण क्रूने असलं काही बोललेलं पायलटना आवडत नाही हा आधीचा अनुभव. २४ माणसं गेली. तेव्हा वाटलं, मी असते तर सांगितलंच असतं. नंतर एकदा मागच्या दाराशी शिट्टीसारखा आवाज येत होता म्हणून इंटरकॉमवर सांगितलं तर "घाबरू नकोस बेटा, ट्रॉली काढ". सीलच खराब निघालं, उतरल्यावर. पण त्या कॅप्टनसोबत पुन्हा ड्यूटी लागली की मी गप्पच.

भिया
राग मानू नका ताई, पण हे बाई-पुरुष नाही, सीनियर-ज्युनियर आहे. २०१० ला मंगळूरला विमान पडलं, त्यात को-पायलट पुरुषच होता, गो अराउंड म्हणजे न उतरता पुन्हा वर घ्या म्हणत होता, कॅप्टनने ऐकलं नाही, १५८ गेले.

तांदूळनिवडी
दादा, बरोबर आहे, तोच आजार. फक्त ज्युनियर मुलगा पाच वर्षांत सीनियर होतो, आम्ही बारा वर्षांनीही बेटाच.

रिटायर्ड काका
मुलींनो, मी दुसऱ्या बाजूचा. पायलट सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली सगळ्या बायकांचा क्रू घेऊन फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, ते आम्ही हँगरमध्ये कौतुकाने बोलायचो आणि स्वतःच्या शिफ्टला मुलगी आली की तिला रेकॉर्डवर बसवायचो. अशाच एकीने कार्ड आणून दाखवलं, इंजिनची आग विझवायची बाटली ज्याने उघडते त्या काडतुसाची मुदत संपलेली. मी म्हटलं बघू, आणि एका पोराला पुन्हा तपासायला सांगितलं. त्याला वेळ मिळाला दोन दिवसांनी. तिचंच बरोबर निघालं. ते दोन दिवस विमान उडत होतं. तिला सॉरी नाही म्हटलं मी, रजिस्टर छान ठेवतेस म्हणालो.