मदत हवी आहे: कुत्रा नखं कापू देत नाही, दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारतो

चांदणवेल
नमस्कार. लगेच उपाय हवा आहे.
आमचा बंड्या नखं कापू देत नाही. कटर दिसलं की पलंगाखाली. पंजा धरला तर गुरगुरतो, परवा तर हवेत दात मारले. दवाखान्यात न्यावं तर पायरीवरच बसकण मारतो, उचलून आत न्यावं लागतं. टेबलावर ठेवलं की लटलट कापतो, लाळ गाळतो. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत मी कापणार नाही. नखं इतकी वाढलीत की फरशीवर टकटक वाजतात, आणि एक तर आत वळायला लागलंय.
रविवारपर्यंत कापून व्हायला हवीत, कारण सोमवारपासून आम्ही नसणार आणि तो माझ्या बहिणीकडे राहणार आहे. तिच्याकडे रांगतं मूल आहे. "प्रेमाने घ्या" वगैरे नको, ते करून झालंय. नेमकं काय करायचं ते सांगा.

रानवारा
वय? वजन? जात? आधी कापू देत होता की पहिल्यापासून असंच? नखं काळी की पांढरी? वळलेलं नख कुठलं, पुढचं की मागचं?

उंबरठा
एवढा विचार कशाला करायचा? जाड टॉवेल टाका, एकाने मान आणि खांदे दाबून धरा, दुसऱ्याने भराभर कापा. आमच्याकडे लहानपणापासून कुत्री आहेत, सगळ्यांची अशीच कापली. दोन मिनिटं ओरडतो, मग विसरतो. गुरगुरला की जागच्या जागी दटावायचं. नाहीतर तो तुमच्या डोक्यावर बसेल.

पाऊलवाट
उंबरठा, कृपया असा सल्ला देऊ नका. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली सूचना आहे: थांबा, मला हे नकोय. त्यासाठी दटावलं की भीती जात नाही, फक्त सूचना जाते. पुढच्या वेळी तो न गुरगुरता थेट चावतो. आणि हा कुत्रा रांगत्या मुलाच्या घरी जाणार आहे. त्याचं गुरगुरणं शाबूत राहणं त्या मुलासाठी फार महत्त्वाचं आहे.
चांदणवेल, परवा त्याने हवेत दात मारले म्हणता. या अंतरावर कुत्र्याचा नेम सहसा चुकत नाही. त्याला चावायचं नव्हतं म्हणून तो चावला नाही. तेव्हा आता घरी दाबून धरणं पूर्ण बंद.

घासूनपुसून
कटर विसरा, ग्राइंडर घ्या, म्हणजे फिरत्या टोकाने नख घासणारं छोटं यंत्र. नखातली रक्ताची शीर कापली जाण्याची भीती बरीच कमी, कडा गोल होतात, अंगावर ओरखडे उठत नाहीत. माझ्या दोन्ही कुत्र्यांना आता फक्त ग्राइंडर. एका नखावर एका वेळी एक-दोन सेकंदच टेकवायचा, नाहीतर घर्षणाने नख तापतं. बोटांमधले लांब केस फिरत्या टोकात गुंततात, तेवढे आधी बाजूला धरा. बाकी काही अडचण नाही. खरंच घ्या, आयुष्य सोपं होईल.

चांदणवेल
लॅब्रॅडॉर मिक्स, ३२ किलो. नखं काळी. वळलेलं पुढच्या पायाचं, वरच्या बाजूला जे अंगठ्यासारखं असतं ते.
ग्राइंडरचं कसं जमणार? मिक्सर लावला तरी तो खोलीबाहेर जातो. आणि मी रविवार म्हटलंय.

रानवारा
वय राहिलं. आधी कापू देत होता का, तेही राहिलं.

घासूनपुसून
मिक्सरला घाबरत असेल तर आधी ग्राइंडर बंद ठेवून नुसता जवळ ठेवायचा, खाऊ द्यायचा. मग दुसऱ्या खोलीत चालू करायचा, खाऊ. मग हळूहळू अंतर कमी. मग चालू न करता नखाला टेकवायचा. शेवटी चालू करून एकच नख. माझ्या धाकटीला वेळ लागला, पण आता ती घासता घासता झोपते.

पाऊलवाट
घासूनपुसून, पद्धत बरोबर आहे, पण रविवारपर्यंत हे व्हायचं नाही. घाई केली तर ग्राइंडरचीही भीती बसेल आणि पुढचा मार्गच बंद होईल.

जुनीविहीर
मोकळ्यावर फिरणाऱ्या कुत्र्यांची नखं कोण कापतं? कडक जमिनीवर भरपूर चालवा, आपोआप झिजतात. माणसांनी कुत्र्यांना सोफ्यावर बसवलं आणि मग हे प्रश्न सुरू झाले.

रानवारा
जुनीविहीर, वळलेलं नख अंगठ्याचं आहे. ते जमिनीला टेकतच नाही, मग झिजणार कसं? कितीही चालवा, ते वाढतच राहतं आणि गोल फिरून कातडीत घुसतं.

जुईचीकळी
इथेच विचारते. माझी मांजर पण नखं कापू देत नाही, वर पडदे फाडते. पडद्यांसाठी काही उपाय आहे का?

दशमान
अंघोळीनंतर कापा. पाण्याने नखं मऊ होतात. आणि शांपू नेहमी कुत्र्यांचाच वापरा, माणसांच्या शांपूने त्यांची त्वचा कोरडी पडते. केस वाळवताना गरम हवा नको. आठवड्यातून एकदा अंघोळ घालत असाल तर तेही जास्त होतंय.

उंबरठा
अंघोळीचं कुणी विचारलं नाही. चांदणवेल, टॉवेल नको असेल तर एवढं करा. आपल्याला सर्दीला जी गोळी देतात, जिने झोप येते, ती अर्धी द्या. गुंगीत असताना कापून टाका. आमचे शेजारी असंच करतात.

शिवार
हे वाचून लिहावंच लागतंय. मी पशुवैद्य आहे. माणसांची कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये झोप आणणाऱ्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल किंवा नाक मोकळं करणारं स्युडोएफेड्रिन असतं. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृतावर आणि तांबड्या रक्तपेशींवर आघात करतं, स्युडोएफेड्रिनने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतात. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अर्धी गोळी म्हणजे सुरक्षित, असं काही नसतं.
भीतीवर औषध द्यायला माझी हरकत नाही, उलट मी ते आवर्जून सुचवतो. पण ते तुमच्या डॉक्टरांनी तपासून, वजन आणि बाकीचे आजार बघून द्यायचं. गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन यासाठी बरेच वापरले जातात. भेटीच्या साधारण दीड-दोन तास आधी, म्हणजे भीती चढायच्या आत. कुत्रा एकदा थरथरायला लागला की मग दिलेल्या औषधाचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. आणि पहिली मात्रा एखाद्या निवांत दिवशी घरी देऊन बघायची: किती सुस्तावतो, चालताना झोकांड्या खातो का, किंवा उलट बेचैन होतो का. गॅबापेंटिनचं माणसांसाठीचं पातळ औषध तर मुळीच नको. काहींमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असतो, तो कुत्र्यांना विषारी आहे.
एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकट्याने द्यायचा सल्ला मिळाला तर डॉक्टरांशी बोला. त्याने शरीर ढिलं पडतं, पण भीती तशीच राहू शकते. कुत्रा शांत दिसतो आणि आतून घाबरलेलाच असतो.
आता मलाही रानवारा यांच्या प्रश्नाचं उत्तर हवंय. वय किती, आणि हे कधीपासून?

उंबरठा
ठीक आहे, गोळीचं मागे घेतो. पण सगळ्याला औषध हाही मार्ग नव्हे.

चांदणवेल
वय ९. आधी काहीच त्रास नव्हता. तो दुपारी झोपलेला असताना मी कापायचे, त्याला पत्ताही लागायचा नाही. गेल्या वर्षापासून हे सुरू झालं. पुढचे पंजे अजूनही थोडा वेळ देतो, मागच्या पायांना हात लावू देत नाही. ग्रूमरकडेही मागच्या पायालाच चिडला होता. तरी खाणं व्यवस्थित आहे, तब्येत ठणठणीत आहे. जिना चढायचा कंटाळा करतो, पण ते वयामुळे. कापायचं कसं, ते सांगा ना कुणीतरी.

रानवारा
हे कळायला हवं होतं. आयुष्यभर नखं कापू देणारा कुत्रा आठव्या-नवव्या वर्षी एकाएकी हट्टी होत नाही. मागचा पाय, जिना... त्याला दुखतंय.

शिवार
रानवारा यांच्याशी पूर्ण सहमत. अर्थात, न तपासता निदान करणार नाही, पण माझ्यासमोर हा कुत्रा आला तर मी नखांच्या आधी कंबर, पाठ आणि गुडघे बघेन. लॅब्रॅडॉरमध्ये नितंबाच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष बरेच आढळतात, आणि या वयात त्यावर संधिवात चढतो. नखं कापताना आपण काय करतो? मागचा पाय उचलून मागे किंवा बाजूला ओढतो. आखडलेला खांदा कुणी पिरगळावा तसं होतं ते. त्याच्या दृष्टीने कटर बाहेर आलं म्हणजे आता दुखणार, आणि तेव्हा त्याचा अंदाज बरोबरच असतो.
खातो म्हणजे दुखत नाही, असं नाही. जुनाट दुखण्यात कुत्री जेवण क्वचितच सोडतात. जिना टाळणं, उठताना वेळ लागणं, गाडीत उडी न मारणं, फिरताना मागे पडणं, एखादाच सांधा चाटत राहणं, हे बघा. शिवाय वाढलेली नखं जमिनीला टेकून बोटं वर ढकलतात, त्याने पाऊल टाकायची पद्धत बदलते आणि दुखरे सांधे आणखी शिणतात. म्हणजे नखं कापायची आहेतच, पण दुखण्याचा उपचार सुरू करून.
बोटांमधली जागाही बघायला सांगा. तिथे यीस्टचा संसर्ग असेल किंवा एखादं नख मुळाशी तडकलेलं असेल तरी कुत्रा पाय असाच ओढून घेतो.
रविवारबद्दल: सगळी नखं कापायचं डोक्यातून काढा. फक्त ते वळलेलं अंगठ्याचं नख. ते कातडीला टेकलंय का, खाली लाली, ओल किंवा वास आहे का? असेल तर रविवारची वाट न बघता उद्याच दाखवा.

घासूनपुसून
अंगठ्याचं नख ग्राइंडरने फार छान होतं, एवढंच सांगतो.

शिवार
कातडीत घुसत असलेलं नाही. कंपनाने जास्त दुखेल. ते कटरनेच, आणि दवाखान्यातच.

चांदणवेल
आत्ता बघितलं. टॉर्च लावून, तो पडलेला असताना, हात न लावता. नख कातडीला टेकलंय, खाली लाल आहे. दुखत असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं, सगळे म्हणत होते लाडावलाय.
उद्या नेते. पण तो पायरीवर बसेल त्याचं काय?

पाऊलवाट
उद्यासाठी:
डॉक्टरांना आत्ताच फोन करा. घाबरतो, दात मारलेत, मागचे पाय दुखत असावेत, हे तिन्ही सांगा, आणि आधी द्यायच्या औषधाचं विचारा. गर्दी नसेल अशी वेळ मागा. आत बसून वाट बघू नका. गाडीत किंवा बाहेर लांब उभे रहा, पाळी आली की फोन करायला सांगा. टेबल नकोच, जमिनीवर तपासायला सांगा. जमीन गुळगुळीत असेल तर त्याच्या पायाखाली घरची रबरी चटई घाला. पाय घसरला की भीती दुप्पट होते, आणि ज्याचे सांधे दुखतात त्याला तर जास्तच.
तोंडाला जाळी लागेल. कापडी पट्टीची नको, त्यात जीभ बाहेर काढून धापता येत नाही. टोपलीसारखी जाळी मागा, तिच्यातून खाऊ भरवता येतो, तो धापूही शकतो.
खाऊ रोजचा नको. उकडलेलं चिकन किंवा चीज, एरवी कधी न मिळणारं. तिथे त्याने ते नाकारलं तर समजायचं की भीती फार वर गेलीय. मग थांबा, बाहेर या. डॉक्टरांना वाटलं तर भूल देऊन कापणंही योग्यच आहे. झगडून कापण्यापेक्षा कितीतरी बरं.

उंबरठा
एक शंका. घाबरल्यावर खाऊ दिला तर त्याला वाटेल घाबरलं की बक्षीस मिळतं. मग तो मुद्दाम घाबरेल.

पाऊलवाट
भीती ही शिकवलेली करामत नाही, ती बक्षिसाने वाढत नाही. पावलॉव्हच्या प्रयोगात कुत्र्यांना घंटेसारख्या खुणेने लाळ सुटायची ती त्यांनी ठरवून नव्हे, खुणेमागून अन्न येतं हे अंगात भिनलं म्हणून. इथेही तेच. क्रम मात्र काटेकोर हवा: आधी स्पर्श, मग खाऊ. बरेच जण आधी खाऊ दाखवतात आणि तो खाताना हळूच पंजा धरतात. त्याने खाऊच धोक्याची खूण ठरतो, आणि मग चिकन बघून कुत्रा पलंगाखाली जातो.

रानवारा
अनुमोदन. आमचीचं असंच झालं होतं, तिला नंतर खाऊच बदलून द्यावा लागला.

जुईचीकळी
मांजरीचं कुणी सांगणार का?

रानवारा
पडद्याजवळच उंच, न हलणारा, ताणून ओरबाडता येईल असा दोरी गुंडाळलेला खांब ठेवा. आणि नखं एका बैठकीत सगळी नको, ती पेंगत असताना एक-दोनच. सविस्तर वेगळं विचारा, इथे बंड्याचं चाललंय.

चांदणवेल
जाऊन आले. औषध कालच फोनवर सांगितलं, आमच्या आधीच्या तपासणीवरून. काल रात्री घरी एक मात्रा देऊन बघायला लावली आणि आज निघायच्या दोन तास आधी दुसरी. पायरीवर थांबला, पण या वेळी मागच्या दाराने नेलं आणि जमिनीवर बसवलं. जाळीतून चिकन खाल्लं! अंगठ्याचं नख कापलं, जखम वरवरची आहे, धुऊन मलम दिलंय. पाय तपासताना डावा मागे नेला तर कळवळला. एक्स-रे काढला, डाव्या नितंबाच्या सांध्याला संधिवात आहे. दुखण्याचं औषध सुरू केलं, रक्त तपासायला घेतलंय. वजन कमी करायला सांगितलंय.
बाकीची नखं ठेवली तशीच. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं की घरीच सुरुवात करा. सुरुवात कशी करायची? आणि बहिणीकडे पाठवू का?

शिवार
बरं झालं. बहिणीकडचं आधी: दुखणारा कुत्रा आणि रांगतं मूल एका जमिनीवर नको. मूल आधाराला त्याची कंबर धरेल, तो दचकून वळेल. पाठवायचाच असेल तर वेगळी खोली आणि मध्ये मुलांचं फाटक हवं, आणि मोठं माणूस समोर असल्याशिवाय दोघं एकत्र नकोत. हे जमणार नसेल तर कुणाला तरी तुमच्या घरी राहायला सांगा. औषधाच्या वेळा लिहून द्या.

पाऊलवाट
नखांसाठी: पाय उचलूच नका. तो कुशीवर पडलेला असताना, पाय जसा आहे तसाच. समोर एका वाटीत खाऊ ठेवा. तो वाटीकडे बघतोय तोवर हात पायाकडे न्या, स्पर्श करा, हात काढा, खाऊ द्या. नजर वळवली की तुम्ही थांबायचं. श्वानप्रशिक्षक चिराग पटेल यांचा हा बकेट गेम, नजर हटवून नाही म्हणायचा हक्क कुत्र्याकडे राहतो. खांद्यापासून सुरू करा, पंजापर्यंत यायला वेळ लागू द्या. कटर नंतर, आणि पहिल्यांदा एकच नख.
काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या काढा. कापलेला भाग आधी पांढुरका, भुसभुशीत दिसतो. मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला की थांबा, पुढे शीर आहे. रक्त आलंच तर रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरा. थोडं थोडं वरचेवर कापलं की शीरही मागे सरकते.

घासूनपुसून
पुढच्या पंजांना फळीवर पॉलिश पेपर चिकटवून द्या, ती खरवडायला शिकवता येतं. आवाज नाही, धरणं नाही. अंगठ्याचं नख मात्र त्यात येत नाही.

चांदणवेल
फळीचं आवडलं, तो हात द्यायला शिकलेला आहेच. बहिणीशी बोलले, ती तिकडे नेण्याऐवजी आमच्याकडे राहायला येतेय, मूल आजीकडे. मागच्या पायांना औषध लागू पडेपर्यंत हात लावणार नाही. फळीला कितीचा पॉलिश पेपर लावू?

घासूनपुसून
८० नंबरने सुरू करा. तळव्याची गादी घासली जात नाही ना, बघत रहा.